जपानहून आलेलं काम

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचे परीक्षक गुडघ्यांवर बसले, टॉर्च पेटवली आणि डोकं गाडीच्या आत घातलं. भर दुपारी, उघड्या मैदानात टॉर्च लागलेली पाहून मागे उभं असलेलं कुणीतरी हसलं. परीक्षकांचं तिकडे लक्षच नव्हतं. दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर काळं रेक्झिन ताणून बसवलेलं होतं आणि त्यावर पत्त्यांतल्या चौकटीसारखी नक्षी उठली होती, एकाला एक खेटून, पुढून मागेपर्यंत. परीक्षकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. कडेला नखाने जरासं उचकून आतली बाजू पाहिली.

"हे कुठून मिळवलंत?" त्यांनी विचारलं.

गाडीच्या पलीकडच्या बाजूला, हातात थर्मास आणि काचा पुसायचं फडकं घेऊन ती उभी होती. सकाळपासून ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. खरं म्हणजे त्याच्याही कितीतरी आधीपासून. उत्तर आपण द्यायचं नाही, नवराच देईल, हे तिला ठाऊक होतं. आपण नुसतं उभं राहायचं. फार तर मान जराशी खाली घालायची.

"जपानहून," नवरा म्हणाला. "जुना माल. कंपनीचाच, न उघडलेला. फार शोधावं लागलं."

"वाटलंच मला." परीक्षक कण्हत उभे राहिले. "हाताने केलेलं लगेच कळतं हो. माणसाचा हात कुठे ना कुठे चुकतोच. एखादी तरी चौकट तिरकी जाते. इथे बघा, एक म्हणून नाही."

त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग समोर एक बाई उभी आहे हे लक्षात आल्यावर सभ्यपणे विचारलं, "तुम्हालाही आवड आहे का गाड्यांची?"

"हिला? छे!" नवरा हसून म्हणाला. "हिला यातलं ओ का ठो कळत नाही. माझ्यापायी येते बिचारी, डबा घेऊन."

आजूबाजूचे हसले. शेजारच्या पिवळ्या सेलिका गाडीला टेकून दातांचे डॉक्टर उभे होते, तेही हसले. दर रविवारी यांच्या घरच्या शेडमध्ये येऊन बसणारे डॉक्टर. ती काम करत असताना तिच्याच कामाच्या टेबलावर चहाचा कप ठेवणारे. तिने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी हळूच एक डोळा मिटला. जणू दोघं मिळून एखाद्याची गंमत करत आहेत.

"डबा आणलाय," ती परीक्षकांना म्हणाली. "थोडं खाणार का?"

संध्याकाळी मूळ स्थितीतल्या गाड्यांचं पहिलं बक्षीस त्यांच्या गाडीला मिळालं.

तिचा बाप सीटवाला होता. बसच्या, ट्रकच्या, सिनेमागृहाच्या खुर्च्यांच्या सीटा शिवायचा. हातात सुई धरता यायला लागली तेव्हापासून ती दुकानात होती. कापड ताणून धर, काथ्या पिंजून दे, मग सरळ शिलाई, मग कोपरे. कोपरा ज्याला जमला त्याला सगळं जमलं, असं बाप म्हणायचा आणि तिचे कोपरे बघून दुसरीकडे तोंड करून हसायचा. तो थकल्यावर दुकान तिनेच चालवलं. ड्रायव्हर लोक आधी बिचकायचे, मग तिच्याकडेच यायला लागले.

लग्न झालं ते पाणीपुरवठा कचेरीतल्या कारकुनाशी. माणूस सरळ, निर्व्यसनी. पण सासूला सुनेने ट्रकवाल्यांच्यात बसणं पटेना, आणि आईपुढे बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. दुकान गेलं. मोठं मशीन मात्र तिने हट्टाने घरी आणलं आणि मागच्या खोलीत पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या सोफ्यांच्या खोळी शिवत राहिली. ज्या मशीनने जाड कातडं ओढलं त्यावर आता झालरी व्हायच्या.

नवऱ्याचा जीव गाड्यांत होता. सगळ्या नाही, जुन्या जपानी. लहानपणी कुणाची तरी डॅटसन रस्त्यावरून जाताना पाहिली होती, तेव्हापासूनचं खूळ. एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या मागे त्याला ती सापडली, दोन माणसांची, लांब नाकाची डॅटसन झेड. चाकं नव्हती, खालचा पत्रा गंजून जाळी झाला होता आणि आत कोंबड्या राहत होत्या. ती घरी ओढून आणली तेव्हा सासू म्हणाली, "भंगारवाले घरातून नेतात, हा घरात आणतो."

सून गाडीपाशी गेली. तिने दार उघडून आत पाहिलं. सीटांचं कातडं फाटून लोंबत होतं, फोमची माती झाली होती. मधल्या उंचवट्यावर मात्र फुटलेल्या रेक्झिनचा एक तुकडा शिल्लक होता. तिने तो उलटा करून पाहिला आणि पुन्हा सुलटा केला.

"यात दोरा नाही," ती म्हणाली. "हे शिवलेलं नाही. गरम करून दाबलंय."

"तुला कसं कळलं?" नवऱ्याने विचारलं. लग्नानंतर त्याने तिला इतक्या आश्चर्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

त्यानंतरची वर्षं तिच्या आयुष्यातली बरी वर्षं होती. सुट्टीच्या दिवशी दोघं शेडमध्ये जायचे. तो पत्रा कापायचा, गंज घासायचा, तिने टॉर्च धरायची. मग तिचं काम आलं. सीटा तिने मशीनवर नव्याने शिवल्या, मधली नक्षी उरली. तसं रेक्झिन कुठेच मिळेना, तेव्हा ती म्हणाली, आपणच दाबू. त्याने करवतीने लोखंडी पट्ट्या कापल्या, तिने आखून दिल्या तशा एका जाड पत्र्यावर बसवल्या. पत्रा चुलीवर तापवायचा, फोम चिकटवलेल्या रेक्झिनवर ओलं फडकं टाकायचं आणि वरून दाबायचं. पत्रा जास्त तापला की रेक्झिन वितळायचं, कमी तापला की ठसाच उठायचा नाही. किती तुकडे जळाले त्याला गणती नाही. शेडमध्ये असा वास भरायचा की शेजारीण विचारायला आली, कुणाचं काय जळतंय? नवरा म्हणाला, "माझा पगार." दोघं कितीतरी वेळ हसत होती.

शेवटी एके दिवशी पत्रा उचलला, फडकं काढलं आणि खाली नक्षी नितळ उठलेली होती. तो काही क्षण बघतच राहिला. मग तिचे चटके बसलेले हात हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही गं."

तिला दागिना कधी नको होता. हे वाक्य तिने दागिन्यासारखं जपलं.

बक्षीस घेऊन परत येताना नवरा गाणं गुणगुणत होता. ती बाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"अगं, नियमच तसे आहेत. घरी केलेलं म्हटलं की गुण गेले. तुला माहितीय?"

"ते कळलं मला."

"मग? उलट तुझा मानच आहे हा. एवढा मोठा परीक्षक, त्याला फरक कळला नाही. याहून काय पाहिजे?"

"आणि मला यातलं ओ का ठो कळत नाही, हे कुठल्या नियमात बसतं?"

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "बोलण्याच्या ओघात गेलं गं. तू पण ना, सुतावरून स्वर्ग गाठतेस."

तिला त्याचं कळत नव्हतं असं नाही. कचेरीत त्याला कुणी विचारत नसे. लोक आले की शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलायचे. आणि मैदानात मोठमोठे लोक, कारखानदार, डॉक्टर, त्याच्या गाडीभोवती उभे राहून त्याला 'साहेब' म्हणत होते. ते साहेबपण टिकवायला तो काहीही बोलला असता. तिला ते समजत होतं. पण समजलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं?

पुढच्या रविवारी गाडीवाली मंडळी शेडमध्ये जमली. ती चहा घेऊन आली तशी कुणीतरी म्हणालं, "आला, जपानहून माल आला!" हशा पिकला. तेव्हापासून तिचं नावच पडलं. जपानवहिनी. बाहेर कुणाकडे वाच्यता नाही, पण आपसात थट्टा. जपानवहिनी, साखर कमी घाला. जपानवहिनी, आमच्याकडेही एक पार्सल पाठवा. नवराही हसायचा. एकदा तोही म्हणून गेला, "अगं जपान, पाना कुठे ठेवलास?"

मग डॉक्टर आले, काखेत रेक्झिनची गुंडाळी घेऊन.

"वहिनी, माझ्या सेलिकालाही जरा जपान दाखवा," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"करते की," ती म्हणाली. "पण मैदानात कुणी विचारलं, तर मी केलं म्हणून सांगायचं."

डॉक्टर हसले. ती हसत नाही हे पाहून थांबले. "अहो, आपल्यात काय परकं आहे? आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे की."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग, डॉक्टर? तुम्ही तिथे डोळा मिटता."

डॉक्टरांनी अर्धा चहा तसाच ठेवला, काहीतरी काम आठवल्यासारखं घड्याळ पाहिलं आणि गुंडाळी उचलून गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत नवरा थांबला.

"माझ्या मित्राचा असा अपमान? घरी बोलावून?"

"मी फक्त एक अट घातली."

"अट! कोण तू अट घालणार? गाडी माझी, मित्र माझे, नाव माझं. तू काय केलंस? चार टाके घातलेस, त्याचा एवढा गाजावाजा!"

ती कपबश्या गोळा करत होती. हातातली बशी खाली ठेवून ती म्हणाली, "त्या नक्षीत टाके नाहीतच. तेही विसरलात का?"

त्या दिवशी एक सीट उसवून टाकावी असं तिच्या मनात आलं होतं. वाईट वाटलं ते याचं की हात धजेना. एवढ्या निगुतीने बसवलेला कोपरा उसवायचा म्हणजे स्वतःच्याच पोटात सुरी खुपसायची. ती शेडमधून बाहेर आली आणि त्यानंतर आपणहून तिथे गेली नाही.

बाकी संसार चालूच राहिला. सासू गेली, मुलगा शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागला. नवरा दरवर्षी गाडी घेऊन जायचा, कधी चषक आणायचा, कधी नाही. काचेचं कपाट भरलं. ती पडदे शिवायची. त्याने हाक मारली तर ओ द्यायची, दाराचं अस्तर सैल झालं म्हणाला तर बसवून द्यायची. भांडण नव्हतं. भांडायला जी धग लागते तीच उरली नव्हती. मात्र तिच्या हातांबद्दल तो पुन्हा कधी काही बोलला नाही, आणि ती विचारायला गेली नाही.

निवृत्तीनंतर त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, आणि डोक्यातल्या गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या. सगळं तीच करायची. अंघोळ, औषधं, कूस बदलणं. मित्र आधी आठवड्याने आले, मग महिन्याने, मग फोनवर.

एका सकाळी तो शेडच्या दिशेने बोट करून हट्टाला पेटला. शेवटी तिने त्याला खांद्यावर पेलत नेलं आणि कशीबशी गाडीत बसवलं. स्वतः पलीकडच्या सीटवर बसली. किती वर्षांनी बसत होती. त्याने डावा हात मधल्या उंचवट्यावर ठेवला आणि नक्षीवरून हळूहळू फिरवायला लागला. इतक्या वर्षांनी, आता तरी. या वयात माणूस आणखी कशाला लपवेल?

"बघ," तो जड जिभेने म्हणाला. "एक भेग नाही."

"नाही," ती म्हणाली.

"जपानचा माल. पेटीत आला होता. पेटीवर... जपानी अक्षरं होती. मी उघडली. तू नव्हतीस तेव्हा."

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं लोकांना सांगता सांगता ती पेटी त्याच्या डोक्यात खरीच येऊन पोचली होती, आणि तो तापलेला पत्रा, जळका वास, हसणं, हातात घेतलेले हात, सगळं तिथून निघून गेलं होतं. आता ते एकट्या तिच्यापाशी होतं. आणि एकट्यापाशी असलेल्या गोष्टीला पुरावा नसतो.

"हो," ती म्हणाली. "चांगला माल होता."

तो गेल्यावर जुन्या गाड्यांच्या क्लबने शोकसभा घेतली. डॉक्टर बोलायला उठले. एका साध्या माणसाने एकट्याच्या जिवावर कोंबड्यांच्या खुराड्यातून एक अजोड गाडी उभी केली, असं म्हणाले. ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. 'एकट्याच्या' या शब्दाला टाळ्या पडल्या.

गाडी विकायचं मुलानेच ठरवलं. शेडमध्ये उभी ठेवून तिचं लोणचं घालायचंय का, म्हणाला. डॉक्टरांनी गिऱ्हाईक आणलं. एक संग्राहक होते. जुन्या गाड्यांचं खासगी संग्रहालय होतं त्यांचं. माणूस शांत, मऊ बोलणारा. त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, इंजिन सुरू करून कान लावला. शेवटी दार उघडून आत झुकले आणि त्यांचा हात त्या नक्षीवर थांबला.

"खरं सांगू का, काकू," ते म्हणाले, "इंजिनं मिळतात, पत्रा होतो. पण असं आतलं मूळ काम आता जगात मोजक्या गाड्यांत उरलंय. मी मुख्य म्हणजे यासाठी घेतोय."

"ते मूळ नाही," ती म्हणाली. "मी केलंय."

हे बोलायचं असं तिने ठरवलेलं नव्हतं. प्रामाणिकपणा म्हणूनही ती बोलली नव्हती. हे वाक्य एकदा मोठ्याने म्हटलं तर कसं ऐकू येतं, एवढंच तिला पाहायचं होतं.

संग्राहक हसले, पण वाईट नाही. लहान मूल काहीतरी गोड बोलल्यावर हसतात तसे. "तुमचा जीव आहे गाडीवर, समजतं मला. पण काकू, हे शिवलेलं नाही. यात दोराच नाही."

"नाहीच. दाबून केलंय. पट्ट्या लावलेला पत्रा तापवून."

"अच्छा? आहे का तो पत्रा? बघू तरी."

"ह्यांनी भंगारात दिला. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून."

संग्राहकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. "डॉक्टर," ती म्हणाली, "आता तर ह्यांचे गुण जायचे नाहीत. सांगा."

डॉक्टर म्हातारे झाले होते. ते टायरकडे बघत होते. सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांची सगळी बक्षिसं, सगळ्या परीक्षकांसमोर हलवलेल्या माना, परवाचं भाषण, सगळंच उसवायचं. त्यांनी घसा खाकरला.

"वहिनींनी फार साथ दिली त्याला," ते म्हणाले. "शिवणकाम सुंदर करतात. पडदे वगैरे." मग आवाज खाली आणून, पण तिला ऐकू जाईल इतकाच खाली, "आजारपणात खूप सोसलंय हो त्यांनी. मनावर परिणाम होतोच."

तिने आपले हात पाहिले. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. आता नवा पत्रा, नवं रेक्झिन आणून दिलं असतं तरी ठसा उठला नसता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, तू काय बोललीस त्यांच्यापुढे? डॉक्टरकाका सांगत होते."

"जे खरं ते."

"अगं, असेल खरं. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो, मला नाही आठवत. पण ते म्हणतायत ओरिजिनल, तर असू दे ना. तुझं काय जातंय?"

काय जातंय ते सांगायला कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवलास का?"

गाडी न्यायला मोठा ट्रक आला. बरोबर एक माणूस होता, तिच्या निम्म्या वयाचा, तेलकट कपड्यांतला. मागची फळी उतरवून, साखळ्या मोकळ्या करून तो किल्ली मागायला आला. संग्राहक आणि डॉक्टर कागदांवर सह्या करत आत बसले होते. ती किल्ली घेऊन बाहेर आली. त्याने दार उघडलं आणि बसायला वाकला, तेवढ्यात तिला त्याच्या मागच्या खिशातून वर आलेला स्क्रू-ड्रायव्हर दिसला.

"थांब रे," ती म्हणाली. "आधी तो खिशातला काढ. सीट फाटेल."

त्याने मागे हात नेऊन चाचपलं, ओशाळून तो काढला आणि वर्दीच्या पुढच्या खिशात खोचला. मग जपून, एकेक पाय आत घेत बसला. पाठ टेकवली. जरा पुढे-मागे सरकून पाहिलं.

"काय झकास बसवलंय हो मावशी," तो म्हणाला. "गाडी कुणाचीही असो, सीटवाला जबरदस्त होता."

तिने दार अलगद लोटलं, लागलं की नाही ते तळव्याने दाबून पाहिलं आणि गाडीला जागा द्यायला दोन पावलं मागे सरकली.